कोवळी डोकी आणि फुटबॉलचा चेंडू

इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यातील एका कॉरोनरने नोव्हेंबर २००२ मध्ये दिलेला निर्णय त्या वेळी क्रीडापृष्ठांवर काही दिवस गाजला आणि पुढे विस्मृतीत गेला. कॉरोनर हा अधिकारी मुंबईकरांना १९९९ पर्यंत परिचित होता. मृत्यूचे कारण निश्चित करणे एवढेच त्याचे काम. कोणाला शिक्षा देणे हे नव्हे. या प्रकरणातील मृत व्यक्ती होती जेफ अ‍ॅस्टल. वेस्ट ब्रॉमविच अल्बियन संघाला १९६८ चा एफ. ए. चषक याच खेळाडूच्या गोलामुळे मिळाला होता. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातूनही तो खेळला होता. चेंडू डोक्याने मारण्यातील त्याचे कौशल्य विशेष नावाजले गेले होते. जानेवारी २००२ मध्ये, वयाच्या अवघ्या ५९ व्या वर्षी, स्मृतिभ्रंशाने पूर्ण खंगलेल्या अवस्थेत त्याचा अंत झाला. कॉरोनरने मृत्यूच्या कारणापुढे 'व्यवसायजन्य रोग' अशी नोंद केली.

खाणकामगाराच्या फुप्फुसात साठलेली धूळ किंवा गिरणीकामगाराच्या छातीत गेलेले कापसाचे तंतू यांच्याच पंक्तीत या नोंदीने फुटबॉलचा चेंडू नेऊन बसवला. तथापि या निर्णयाचे खरे महत्त्व व्यावसायिक खेळाडूंपुरते मर्यादित नव्हते. ज्या क्रियेमुळे प्रौढ, धट्टाकट्टा खेळाडू आयुष्याच्या उत्तरार्धात स्वतःची ओळखही हरवून बसतो, तीच क्रिया आठ-नऊ वर्षांची मुले शिक्षकाच्या आज्ञेवरून मैदानावर पुनःपुन्हा करीत असतात, त्याचे काय, हा प्रश्न त्या नोंदीतून ओघानेच उपस्थित होत होता. त्याचे उत्तर शोधण्यास अमेरिकेला तेरा वर्षे लागली आणि इंग्लंडला अठरा. हा विलंब का झाला आणि जे उत्तर निघाले ते कितपत सयुक्तिक आहे, याचा विचार पालकांनी व शिक्षकांनी करणे अगत्याचे आहे.

मेंदूत काय घडते?

मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो. तो द्रवात तरंगत असतो. डोक्याला अकस्मात धक्का बसला की कवटी आधी हलते व मेंदू मागाहून. धक्का तिरपा असेल तर डोके गर्रकन वळते, मेंदूच्या निरनिराळ्या थरांवर वेगवेगळा ताण येतो आणि मज्जापेशींना जोडणारे सूक्ष्म तंतू ताणले जातात. धक्का मोठा असेल तर भोवळ, मळमळ, गोंधळलेपणा, क्वचित बेशुद्धी अशी लक्षणे दिसतात व खेळाडूला बाहेर काढले जाते. परंतु चेंडू डोक्याने मारताना बसणारा धक्का बहुधा याहून लहान असतो. त्याची लक्षणे दिसत नाहीत, खेळाडू हसतमुखाने खेळत राहतो. चिंतेचा विषय आहे तो अशा अल्प आघातांच्या पुनरावृत्तीचा.

ही शंका अगदीच नवी नाही. मुष्टियोद्ध्यांची चाल अडखळते, बोलणे जड होते व बुद्धी मंदावते, याचे वैद्यकीय वर्णन अमेरिकेत १९२८ मध्येच प्रसिद्ध झाले होते. १९७३ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी मृत मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूंचे परीक्षण करून या ऱ्हासाचे शारीर स्वरूप दाखवून दिले. पुढे अमेरिकन पद्धतीच्या फुटबॉलमधील खेळाडूंच्या मेंदूतही तसाच ऱ्हास आढळला. 'टाऊ' नावाचे प्रथिन मेंदूच्या वळ्यांच्या खोलगट भागात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांभोवती साचते, हे त्याचे वैशिष्ट्य होय. या आघातजन्य ऱ्हासाचे निश्चित निदान आजही मृत्यूनंतरच होऊ शकते. अ‍ॅस्टलच्या मेंदूचे ग्लासगोचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. विली स्टुअर्ट यांनी २०१४ मध्ये फेरपरीक्षण केले, तेव्हा हाच विकार त्यात आढळून आला.

आकडे काय सांगतात?

एका खेळाडूच्या उदाहरणावरून सिद्धान्त मांडता येत नाही. १९६६ चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या अंतिम सामन्यातील अकरा खेळाडूंपैकी रे विल्सन, मार्टिन पीटर्स, नॉबी स्टाइल्स आणि जॅक व बॉबी चार्लटन हे बंधू अशा पाच जणांना उतारवयात स्मृतिभ्रंश जडला, ही गोष्ट मन अस्वस्थ करणारी खरी. परंतु अकरांच्या संख्येवरूनही शास्त्र उभे राहत नाही. म्हणूनच ग्लासगो विद्यापीठात डॉ. स्टुअर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचे मोल मोठे आहे. या अभ्यासाला इंग्लंडची फुटबॉल संघटना व तेथील व्यावसायिक खेळाडूंची संघटना यांनी अर्थसाहाय्य केले होते, हेही नमूद केले पाहिजे. स्कॉटलंडमधील ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंची तुलना वय, लिंग व आर्थिक-सामाजिक स्थिती यांबाबत त्यांच्याशी मिळत्याजुळत्या २३,०२८ सर्वसामान्य नागरिकांशी करण्यात आली. मज्जापेशींचा ऱ्हास करणाऱ्या रोगांमुळे मृत्यू पावलेल्यांचे प्रमाण खेळाडूंत १.७ टक्के, तर इतरांत ०.५ टक्के आढळले. वय आदी गोष्टी हिशेबात घेता हा धोका सुमारे साडेतीन पट ठरतो.

'साडेतीन पट' हा शब्दप्रयोग ऐकताच घबराट व्हावी हे स्वाभाविक आहे. परंतु आकडेवारी वाचताना पट आणि प्रत्यक्ष संख्या या दोहोंकडे पाहण्याची सवय हवी. दर हजार सामान्य माणसांमागे पाच, तर हजार खेळाडूंमागे सतरा, असे हे प्रमाण आहे. म्हणजे बहुसंख्य खेळाडूंच्या मृत्यूस हे रोग कारणीभूत ठरले नाहीत. शिवाय याच खेळाडूंत हृदयविकाराने व फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू इतरांपेक्षा कमी होते. सत्तरीपर्यंत त्यांचा एकूण मृत्युदरही कमीच होता. फुटबॉल हा खेळ आरोग्याला घातक आहे, असा निष्कर्ष यातून काढणे ही आकडेवारीची विटंबना ठरेल.

मग दोष खेळाचा नसून डोक्याने चेंडू मारण्याचा आहे, हे कशावरून? त्याचा धागा याच गटाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुढील अभ्यासात मिळतो. गोलरक्षक चेंडू हाताने अडवतो. डोक्याचा उपयोग तो क्वचितच करतो. त्याला या रोगांचा धोका सर्वसामान्य माणसाइतकाच असल्याचे दिसले. उलट ज्यांना उंचावरून येणारे चेंडू सतत डोक्याने परतवावे लागतात त्या बचावपटूंमध्ये तो जवळजवळ पाच पट होता. ज्याची कारकीर्द दीर्घ, त्याचा धोका अधिक, असेही आढळले. स्वीडनमधील सर्वोच्च साखळीत १९२४ ते २०१९ या काळात खेळलेल्या ६,००७ पुरुष खेळाडूंचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे वाढ याहून सौम्य, म्हणजे सुमारे दीडपट होती: शंभर खेळाडूंमागे नऊ जणांना असे रोग जडले, तर इतरांत शंभरामागे सहा जणांना. परंतु गोलरक्षकांत तेथेही वाढ दिसली नाही. दोन निरनिराळ्या देशांतील आकडे एकाच दिशेने बोट दाखवू लागले, की त्यांना योगायोग म्हणून वासलात लावता येत नाही.

अनुमानाच्या मर्यादा

असे असले तरी या पुराव्याच्या मर्यादा झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हे दोन्ही अभ्यास व्यावसायिक पुरुष खेळाडूंचे आहेत. शाळेत चार-पाच वर्षे फुटबॉल खेळून पुढे नोकरीधंद्याला लागलेल्या माणसाला तोच धोका आहे, असे ते सांगत नाहीत. त्या खेळाडूंपैकी अनेक जण कातडी चेंडूच्या जमान्यातील होते. पावसात भिजलेला तो चेंडू पाणी पिऊन जड होई, आजचा कृत्रिम वेष्टनाचा चेंडू तसा होत नाही, म्हणून आजच्या मुलांना भय नाही, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. यात तथ्यांश आहे, पण तेवढाच. कोरड्या चेंडूचे नियमातील वजन गेली कित्येक दशके जवळपास तेच आहे. आज ते ४१० ते ४५० ग्रॅम असते. जड चेंडू सावकाश येतो, हलका चेंडू वेगाने येतो आणि आघाताची तीव्रता वजन व वेग या दोहोंवर अवलंबून असते. तेव्हा चेंडू बदलला म्हणून प्रश्न मिटला, असे मानण्यास आधार नाही.

तात्कालिक परिणामांचे पुरावेही उपलब्ध आहेत. स्कॉटलंडमधील स्टर्लिंग विद्यापीठाच्या २०१६ मधील प्रयोगात १९ खेळाडूंनी कॉर्नर किकच्या वेगाने येणारा चेंडू वीस वेळा डोक्याने मारला. त्यानंतर लगेच घेतलेल्या स्मरणशक्तीच्या चाचणीत त्यांची कामगिरी ४१ ते ६७ टक्क्यांनी घसरली आणि चोवीस तासांत पूर्ववत झाली. हा परिणाम तात्पुरता आहे. पण तो आठवड्यातून तीन-चार वेळा, वर्षानुवर्षे होत राहिला तर काय, याचे उत्तर प्रयोगशाळेत एका दिवसात मिळणारे नव्हे. अमेरिकेतील माध्यमिक शाळांविषयीच्या २०१५ मधील एका अभ्यासाने आणखी एक बाजू पुढे आणली. तेथील फुटबॉलमध्ये मेंदूला हादरा बसण्याच्या घटनांपैकी मुलांत सुमारे ३१ टक्के व मुलींत सुमारे २५ टक्के घटना चेंडू डोक्याने मारताना घडल्या होत्या. मात्र त्यांतील बहुसंख्य प्रसंगी इजा चेंडूने नव्हे, तर दुसऱ्या खेळाडूच्या डोक्याशी, कोपराशी वा खांद्याशी झालेल्या टकरीने झाली होती. याचा अर्थ असा की केवळ हेडर बंद करून भागणार नाही, धसमुसळ्या खेळालाही आवर घातला पाहिजे.

मुलांच्या बाबतीत शरीररचनेचा मुद्दा निर्णायक ठरतो. मुलाचे डोके त्याच्या शरीराच्या मानाने मोठे, मान बारीक व तिचे स्नायू दुबळे असतात. त्यामुळे तोच धक्का त्याच्या डोक्याला अधिक हेलकावा देतो. मेंदूची वाढ या वयात चालू असते. प्रौढ खेळाडू चेंडूचा अंदाज घेऊन मान ताठ करतो व कपाळाने तो मारतो. आठ वर्षांचे मूल डोळे मिटून टाळूवर किंवा कानशिलावर तो घेते. बालपणातील हेडरचा साठाव्या वर्षी काय परिणाम होतो, हे आज कोणताही अभ्यास ठामपणे सांगत नाही. परंतु प्रौढाला जे बाधते ते बालकाला बाधणार नाही, हे गृहीत धरण्यास मात्र कोणतेही कारण दिसत नाही.

दोन देश, दोन मार्ग

अमेरिकेत या प्रश्नाला तोंड फुटले ते न्यायालयात. पालकांनी व खेळाडूंनी २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातील न्यायालयात दावा दाखल केला आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये अमेरिकन फुटबॉल महासंघाने तडजोड म्हणून नवे नियम जाहीर केले. दहा वर्षे व त्याखालील मुलांना हेडर पूर्ण बंद आणि अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांना सरावात मर्यादित, असे त्यांचे स्वरूप होते. महासंघाच्या थेट अखत्यारीतील संघांना हे नियम बंधनकारक होते. इतरांसाठी ती शिफारस होती.

इंग्लंड, स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड येथील संघटनांनी फेब्रुवारी २०२० मध्ये, ग्लासगोचा अभ्यास प्रसिद्ध झाल्यानंतर सुमारे चार महिन्यांनी, प्राथमिक शाळेतील मुलांना सरावात हेडर शिकवू नये असा दंडक घातला. इंग्लंडच्या त्या मार्गदर्शनानुसार बाराव्या वर्षाखालील गटाला महिन्यातून एका सरावात फार तर पाच हेडर, तेराव्या वर्षाखाली आठवड्यातून एका सरावात पाच आणि चौदा ते सोळा या गटांत दहा, अशी चढती मर्यादा आहे. सामन्यांना मात्र त्या वेळी हात लावण्यात आला नव्हता. ते पाऊल पुढे पडले: २०२४-२५ च्या हंगामापासून इंग्लंडमध्ये नवव्या वर्षाखालील सामन्यांत मुद्दाम केलेल्या हेडरवर बंदी आली आणि २०२६-२७ पर्यंत ती टप्प्याटप्प्याने अकराव्या वर्षाखालील गटापर्यंत नेण्याचे ठरले. व्यावसायिकांसाठीही २०२१ पासून सरावात आठवड्याला दहाच जोरदार हेडर करावेत अशी शिफारस आहे.

या निर्बंधांवर आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे थोडक्यात असे. हेडर हे खेळाचे अविभाज्य अंग आहे. लहानपणी न शिकलेले मूल पुढे ते चुकीच्या पद्धतीने करील व अधिक दुखापत ओढवून घेईल. शिवाय अशा बातम्यांनी घाबरलेले पालक मुलांना मैदानावरच पाठवणार नाहीत आणि बैठ्या जीवनाचे दुष्परिणाम हेडरपेक्षा मोठे आहेत. यांतील दुसरा आक्षेप गंभीर आहे, परंतु तो निर्बंधांच्या विरुद्ध नसून निर्बंधांच्याच बाजूचा आहे. पालकांचा विश्वास टिकवायचा असेल तर धोक्याचा भाग काढून खेळ शाबूत ठेवणे हाच मार्ग उरतो. पहिल्या आक्षेपाचे उत्तर शिक्षणक्रमातच आहे. मर्यादा चढती असल्यामुळे मान बळकट होऊ लागते त्या वयात, हलक्या चेंडूपासून आरंभ करून, हे तंत्र शिकता येते. आठव्या वर्षी पाय, नजर व पासची समज तयार करण्यास सारा वेळ मोकळा मिळाला, तर खेळाचे नुकसान न होता लाभच होईल.

किंमत कोण मोजतो?

या वादाला एक आर्थिक बाजू आहे व तिच्याकडे दुर्लक्ष होते. धोका पत्करणे हे सर्वच व्यवसायांत असते. खाणीत उतरणारा मजूर धोका जाणून उतरतो, निदान तशी अपेक्षा असते. त्याबद्दल त्याला वेतन मिळते, त्याची संघटना असते, भरपाईचे कायदे असतात. व्यावसायिक फुटबॉलपटूही प्रौढ असतो व त्याला मोबदला मिळतो. तरीसुद्धा अ‍ॅस्टलच्या पिढीला आपण कोणता धोका पत्करीत आहोत याची माहितीच नव्हती, आणि माहितीवाचून दिलेली संमती ही संमतीच नव्हे. मग दहा वर्षांच्या मुलाचे काय? त्याला मोबदला नाही, माहिती नाही आणि संमती देण्याचे वयही नाही. त्याच्या वतीने निर्णय घेतात शिक्षक, प्रशिक्षक व पालक. लाभ होतो तो शाळेला मिळणाऱ्या ढालीचा व त्या दिवशीच्या टाळ्यांचा. हानी झालीच तर ती चाळीस-पन्नास वर्षांनी, शाळा, प्रशिक्षक व ढाल यांपैकी काहीही उरलेले नसताना, त्या माणसाच्या पत्नीला व मुलांना सोसावी लागते. लाभ एकाच्या पदरी व खर्च दुसऱ्याच्या माथी, तोही उधारीवर, अशी जेथे वाटणी होते तेथे धोका नेहमीच कमी लेखला जातो. विलंबाचे मूळ येथे आहे. ते कोणाच्या दुष्टाव्यात शोधण्याचे कारण नाही.

संपूर्ण पुरावा हाती येईपर्यंत थांबावे, असे म्हणणाऱ्यांनी थांबण्याचीही किंमत असते हे ध्यानात घ्यावे. आज खेळणाऱ्या मुलांविषयी निर्णायक पुरावा हवा असेल तर ती मुले म्हातारी होण्याची वाट पाहावी लागेल. हानी झालीच तर ती भरून येणारी नाही. उलट निर्बंध चुकीचा ठरला तर नुकसान काय? काही लहान मुलांनी काही वर्षे थोडे कमी हेडर केले, इतकेच. एका पारड्यात न भरून येणारी संभाव्य हानी आणि दुसऱ्यात जवळजवळ शून्य खर्च असेल, तर तराजू कोणीकडे झुकावा हे सांगण्यास अर्थशास्त्राच्या पदवीची आवश्यकता नाही.

आपल्या मैदानांवर

महाराष्ट्र व गोव्यात हा प्रश्न परका मानण्याचे कारण नाही. गोव्यातील गावोगावच्या मैदानांवर मुले चालू लागताच चेंडूला पाय लावतात. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल अशा तालमींच्या नावांनी संघ उभे राहिले आणि पेठापेठांतील ईर्ष्येने शाहू स्टेडियम गजबजते. त्याच शहराचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. मुंबईत आंतरशालेय स्पर्धांची परंपरा जुनी आहे. सुब्रतो चषकाचे शालेय सामने १९६० पासून चालू आहेत. जेथे मुलांच्या खेळात एवढी चुरस आहे, तेथे उंचावरून येणाऱ्या चेंडूखाली निमूटपणे डोके देणारी मुलेही आहेत.

सुदैवाने येथे करावयाच्या उपायांना ना मोठा निधी लागतो, ना परदेशी यंत्रसामग्री. प्राथमिक वर्गांना हेडरचा सराव देऊ नये, हा निर्णय क्रीडाशिक्षक उद्याच्या तासाला घेऊ शकतो. मोठ्यांचा चेंडू लहानांना न देता वयानुरूप लहान व हलका चेंडू द्यावा. तो दगडासारखा टणक होईपर्यंत हवेने भरू नये. माध्यमिक वर्गांत हेडर मोजून करावेत व मानेच्या व्यायामाला सरावात स्थान द्यावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, डोक्याला मार लागून मूल क्षणभर जरी गोंधळल्यासारखे वाटले, तरी त्या दिवशी त्याला पुन्हा मैदानात उतरवू नये आणि ही गोष्ट पालकांना अवश्य कळवावी. 'काही झाले नाही, ऊठ, खेळ' हे आपल्या मैदानांवरील धीराचे शब्द सद्‌भावनेनेच उच्चारले जातात. परंतु मेंदूची इजा गुडघ्याच्या खरचटण्यासारखी डोळ्यांना दिसत नाही.

मुलांनी फुटबॉल खेळला पाहिजे, भरपूर खेळला पाहिजे, याविषयी दुमत नाही. ग्लासगोच्या आकड्यांनीच त्या खेळाने हृदय व फुप्फुसे सांभाळली जातात असे दाखवले आहे. त्याच आकड्यांनी जी दुसरी बाजू दाखवली, तिच्याकडे पाठ फिरवण्याचा अधिकार कोणाला नाही. अ‍ॅस्टलच्या पिढीचे अज्ञान क्षम्य होते, कारण त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते. आजच्या शिक्षकाला व प्रशिक्षकाला ती सबब उरलेली नाही.